मारी व्हेर्ने आणि सात नंबरची पेढी

पॅरिसमध्ये १८५० च्या आधी एखाद्या श्रीमंत बाईला नवा पोशाख करायचा असला, तर तिला दोन-तीन दुकाने पालथी घालावी लागत. रेशीम किंवा मखमल कापडाच्या पेढीवर घ्यायची, झालरी, फिती आणि लेस दुसरीकडे, आणि मग तो सगळा माल शिवणारणीच्या हवाली करायचा. शिवणारीण मापे घ्यायला घरी येई. कापड कोणते, रंग कोणता, घेर किती हे बाईसाहेब ठरवत. शिवणारणीने सांगितले तसे बेतायचे आणि शिवायचे. कापडाच्या किमतीपुढे तिची मजुरी फारच थोडी असे. चौदाव्या लुईने १६७५ मध्ये शिवणारणींना स्वतःचा व्यवसायसंघ काढायची परवानगी दिली होती. तेव्हापासून बायकांचे कपडे बायकांनीच शिवायचे ही रीत रुळत गेली. पुरुष असे तो कापडाच्या दुकानात, गज हातात घेऊन. त्याने बाईच्या अंगावर कापड लावून पाहावे, टाचण्या टोचाव्यात, हे सभ्य घरात चालण्यासारखे नव्हते.

ही घडी मोडली दोन पगारी नोकरांनी. दोघांचाही जन्म १८२५ सालचा. एक होता चार्ल्स फ्रेडरिक वर्थ, इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या बोर्न गावचा. दुसरी मारी व्हेर्ने, फ्रान्सच्या मध्यभागातल्या क्लेरमाँ-फेराँची. फॅशनच्या इतिहासात वर्थला ‘उच्च शिवणकलेचा जनक’ म्हणतात आणि मारीचे नाव त्याची बायको म्हणून एखाद्या वाक्यात येते. या पेढीचा इतिहास जितका वाचावा तितके मला ते वाक्य अपुरे वाटत गेले आहे. ती पेढी दोघांनी उभी केली, आणि तिची सुरुवात तर मारीच्या अंगावरच झाली.

वर्थचे बालपण एका पडझडीत गेले. वडील वकील होते. त्यांनी पैसा उधळला, कर्जात बुडाले आणि कुटुंबाला वाऱ्यावर सोडून गेले. अकरा वर्षांचा चार्ल्स छापखान्यात कामाला लागला. तिथे त्याचे मन रमेना. १८३८ च्या सुमारास तो लंडनला आला आणि पिकॅडिलीच्या ‘स्वान अँड एडगर’ या कापडाच्या बड्या दुकानात उमेदवार म्हणून राहिला. पुढची काही वर्षे त्याने कापडाचे ठाण उलगडण्यात, हिशेब लिहिण्यात आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याची आवड ओळखण्यात घालवली. कोणते रेशीम कसे पडते, कोणते चुरगळते, कोणते दिव्याच्या उजेडात खुलते, हे त्याच्या बोटांना कळू लागले ते इथे.

दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर ट्रॅफल्गर चौकात नॅशनल गॅलरीची नवी इमारत त्याच वर्षी उघडली होती. हा मुलगा सवड मिळेल तेव्हा तिथे जाऊन जुनी व्यक्तिचित्रे न्याहाळत बसे. राण्या आणि सरदारणींच्या चेहऱ्यांपेक्षा त्याचे डोळे त्यांच्या बाह्यांवर, गळ्यांवर आणि चुण्यांवर खिळत. पुढे त्याच्या पोशाखांत व्हॅन डाइकच्या चित्रातल्या बाह्या किंवा वेलाझक्वेझच्या राजकन्येचा घेर दिसू लागला, त्याचे मूळ या भेटींत आहे. शाळा सुटलेल्या मुलाने स्वतःसाठी शोधलेली ही शाळा होती. मला त्याच्या सगळ्या चरित्रात हा भाग सर्वांत जिवंत वाटतो.

‘लुइस अँड अ‍ॅलनबी’ या रेशीमवाल्यांकडे थोडे दिवस काढून, विशीत पाऊल टाकताच तो पॅरिसला निघाला. खिशात सुमारे पाच पौंड होते आणि फ्रेंच जवळजवळ येत नव्हते. आधी एका साध्या कापडदुकानात झाडलोट आणि हमाली केली. भाषा जिभेवर बसल्यावर तो ‘गाजलँ’ या नामांकित पेढीत विक्रेता म्हणून लागला. रू द रिशल्यूवरची ही पेढी रेशीम, तयार डगले आणि काश्मिरी शालींसाठी प्रसिद्ध होती.

शालींचा इथे थोडा खुलासा करायला हवा. नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेनंतर काश्मिरी शाल फ्रान्समध्ये शिरली आणि सम्राज्ञी जोसेफीनने ती डोक्यावर घेतली. फ्रेंच विणकर तिच्या नकलाही करू लागले. १८४० च्या दशकात चांगल्या घरच्या मुलीला लग्नात नवऱ्याकडून शाल येणे ही रीतच होती. घागरे इतके फुगीर होत चालले होते की त्यांवर शिवलेला कोट बसेना, तेव्हा शाल हेच सोयीचे पांघरूण. पण शाल ठाणावर पाहून कळत नाही. ती खांद्यावरून कशी उतरते, पाठीवर कशी पसरते, चालताना कशी हलते हे पाहावे लागते. म्हणून गाजलँसारख्या पेढ्या दुकानात तरुण मुली ठेवत. गिऱ्हाइकाने शाल निवडली की मुलगी ती अंगावर घेऊन समोरून फिरून दाखवी.

मारी व्हेर्ने अशी मुलगी होती. बाप करवसुली खात्यातला. घरची स्थिती खालावल्यावर मुलीला नोकरी धरावी लागली होती. म्हणजे बापाच्या घसरणीमुळे घराबाहेर पडलेली ही दोन माणसे एकाच दुकानात रोज समोरासमोर येत होती. वर्थ शाल उघडी, मारी पांघरी. वर्थ किमतीचे बोले, मारी चालून दाखवी.

शालीचे सौंदर्य उठून दिसायचे तर खालचा पोशाख साधा आणि अंगावर नेमका बसलेला हवा. त्या काळच्या झालरी-फितींच्या गर्दीत शाल हरवून जाई. वर्थने मारीसाठी काही साधे पोशाख बेतले. त्यांत सजावट नव्हती, होती ती फक्त बसण्यातली अचूकता. आणि मग वेगळेच घडू लागले. गिऱ्हाईक बायका शाल बघता बघता विचारू लागल्या, हा पोशाख कुणी शिवला, असा आम्हाला मिळेल का?

यात प्रेम किती आणि धंदा किती हे वेगळे काढता येत नाही. त्या माणसाला एकाच मुलीच्या खांद्यांचा उतार, तिची चाल, तिचा श्वास घेतानाचा कमरेचा फरक रोज बघायला मिळत होता. शिवणाऱ्याला इतका वेळ एकाच देहाचा अभ्यास करायला मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. आणि तिला तो करू द्यावासा वाटत होता. पुढे हजारो बायकांना वर्थने कपडे घातले, पण बेतण्याचे त्याचे शिक्षण या एका अंगावर झाले.

गाजलँचे मालक नाखूश होते. शिवणकाम म्हणजे हलके काम, आपण कापडवाले, असा त्यांचा ताठा. पण मागणी वाढत गेली तेव्हा त्यांनी कोपऱ्यात एक छोटा शिवणविभाग काढू दिला. १८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात गाजलँला पदक मिळाले, त्यात वर्थच्या कामाचा वाटा होता. त्याच वर्षी वर्थ आणि मारीचे लग्न झाले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात वर्थने दरबारी पोशाखाचा मागे लोळणारा लांब घोळ मांडला. तोवर असा घोळ कमरेपासून निघत असे, त्याने तो खांद्यांपासून सोडला आणि सोन्याच्या कशिद्याने मढवला. त्यालाही पदक मिळाले. दोन्ही वेळा पदकावर नाव पेढीचे. वर्थने भागीदारी मागितली, ती मिळाली नाही.

घरात तोवर दोन मुले आली होती, १८५३ मध्ये गास्ताँ आणि १८५६ मध्ये जाँ-फिलिप. अशा वेळी कायमची नोकरी सोडायची म्हणजे दोघांच्याही छातीचे काम. १८५८ मध्ये वर्थने ओटो बोबेर्ग या स्वीडिश तरुणाला भागीदार केले. त्याच्याजवळ भांडवल होते. रू द ला पे या रस्त्यावर सात नंबरच्या घरात ‘वर्थ आणि बोबेर्ग’ पेढी सुरू झाली. तो रस्ता तेव्हा आजच्यासारखा जवाहिऱ्यांचा आणि बड्या दुकानांचा झालेला नव्हता.

दुकान होते, कारागीर होते, कसब होते. गिऱ्हाईक मात्र हवे तसे नव्हते. वर्थला दरबार हवा होता. नेपोलियन तिसरा याचे दुसरे साम्राज्य ऐन भरात होते, त्विलरी राजवाड्यात मेजवान्या आणि नाच चालत, आणि सम्राज्ञी युजेनी जे घालेल ते सारे युरोप घाली. पण एका इंग्रज दुकानदाराला त्या दारात कोण उभे करणार?

इथे मारी पुढे झाली. ऑस्ट्रियाचा नवा राजदूत रिखार्ड मेटर्निख १८५९ मध्ये पॅरिसला आला होता. त्याची बायको प्रिन्सेस पॉलिन विशीतली, बोलायला फटकळ, रूपाने सामान्य आणि कपड्यांची अतोनात शौकीन. युजेनीशी तिचे लवकरच सूत जमले. मारीने नवऱ्याच्या चित्रांची वही घेतली आणि थेट पॉलिनच्या घरी गेली. वही दासीच्या हाती आत पाठवली. एक इंग्रज बायकांचे कपडे बेतायचे धाडस करतो हे ऐकून पॉलिनला आधी नवलच वाटले. तरी तिने वही उघडली, दोन-तीन पाने उलटली आणि बाहेर थांबलेल्या बाईला आत बोलावले.

पुढचे बोलणे पॉलिनने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. किमतीचा प्रश्न आला तेव्हा मारीने सांगितले की आपण म्हणाल तो भाव. प्रिन्सेसने दोन पोशाख सांगितले, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा, पण प्रत्येकी तीनशे फ्रँकच्या आत. रात्रीचा पोशाख पांढऱ्या जाळीदार टूलचा होता. त्यात चांदीच्या तारेची पखरण, त्यावर गवताच्या झुबक्यांत बसवलेली डेझीची फुले आणि कमरेला पांढरा सॅटिनचा रुंद पट्टा. तो घालून पॉलिन त्विलरीच्या नाचाला गेली. युजेनीच्या नजरेतून तो सुटला नाही. तिने विचारले, कुणाचा हा? दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता वर्थ राजवाड्यात हजर होता. तीनशे फ्रँकमध्ये मात्र पुन्हा कधी त्याचा पोशाख मिळाला नाही, अशी तक्रार पॉलिनने म्हातारपणी नोंदवली.

ही गोष्ट नेहमी वर्थच्या नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला ती मारीच्या धैर्याची वाटते. शिवणाऱ्या पुरुषाला त्या घरात प्रवेश मिळाला नसता. बाईने बाईकडे जायचे ही जुनी रीतच मारीने वापरली, आणि आत गेल्यावर किंमत गिऱ्हाइकावर सोडायची ही धंद्यातली जाण कापडाच्या दुकानात उभे राहून मिळवलेली होती.

युजेनीचा पहिला मोठा अनुभव वर्थला जड गेला असता. त्याने लियाँच्या भारी ब्रोकेडचा पोशाख करून नेला, त्यावर चिनी शालीवरून घेतलेली नक्षी होती. सम्राज्ञीने नाक मुरडले, हे घालून मी पडद्यासारखी दिसेन म्हणाली. तेवढ्यात सम्राट खोलीत आला. वर्थने त्याच्याकडे पाहून लियाँचा विषय काढला. रेशमाचे हे शहर प्रजासत्ताकवाद्यांचा बालेकिल्ला होते, तिथले माग मंदावले की असंतोष उसळे. सम्राज्ञीने लियाँचे रेशीम घातले तर विणकरांच्या हाताला काम मिळेल हे नेपोलियनला पटले आणि युजेनीला तो पोशाख घालावा लागला. असे पोशाख ती पुढेही घालत राहिली आणि त्यांना आपले राजकीय पोशाख म्हणत राहिली. कपड्याच्या दुकानात वाढलेल्या वर्थला मागावरून बाईच्या अंगापर्यंतची सगळी साखळी दिसत होती, आणि कारखानदारांना नवीन वाण काढायला लावण्याइतका त्याचा दरारा लवकरच झाला.

सात नंबरमध्ये जुनी व्यवस्था पूर्ण उलटी झाली. कापड आणि शिवण एकाच छपराखाली आले. शिवणारीण बाईच्या घरी जाई, इथे बाई शिवणाऱ्याच्या दारी येऊ लागली आणि बाहेरच्या खोलीत थांबू लागली. एका दालनात काळे-पांढरे रेशीम, दुसऱ्यात रंगीत, तिसऱ्यात मखमल. एक खोली खिडक्या झाकून गॅसच्या दिव्यांनी उजळलेली, कारण नाचाचा पोशाख दिवसाच्या उजेडात निवडला तर रात्री फसगत होते. नमुन्याचे पोशाख तयार असत, मुली ते घालून फिरून दाखवत. आधी मांजरपाटासारख्या स्वस्त कापडावर आराखडा बसवून पाहिला जाई. बाह्या, चोळीचा भाग, घागरा यांचे ठरावीक साचे असत आणि ते निरनिराळ्या जोड्यांनी जुळवून दर वेळी नवा पोशाख उभा राही. लांब शिवणी यंत्रावर, वरचे सारे काम हाताने. कमरेच्या आतल्या पट्टीवर पेढीचे नाव छापलेले असे, चित्रकार चित्रावर सही करतो तसे. पुढे वर्थ मखमली टोपी आणि लोकरीच्या अस्तराचा झगा घालून रेम्ब्राँसारखा वावरू लागला. पेढी ऐन भरात असताना तिथे हजारावर माणसे काम करत होती. त्यांतल्या बहुतेक शिवणारणी, आणि त्यांचे नाव कुठल्याच पट्टीवर नाही.

मारी या दुकानाची पहिली मॉडेल होतीच. जगातली पहिली व्यावसायिक मॉडेल म्हणूनही तिचे नाव घेतले जाते. नव्या मुलींना उभे कसे राहायचे, वळायचे कसे हे तिने शिकवले. वर्थ काही नवीन काढे तेव्हा ते लोकांसमोर आधी तिच्या अंगावर जाई. तिला ते नेहमी आवडत असे असे नाही. लाँशाँच्या घोडदौडीच्या मैदानात सगळ्यांच्या आधी विचित्र वाटणारा पोशाख घालून उभे राहायचे, लोकांच्या नजरा झेलायच्या, हे लाजऱ्या स्वभावाच्या बाईला सोपे नसणार. तरी ती जात राहिली. घागऱ्याचा पुढचा फुगा उतरवून सारा घेर मागे नेण्याचा बदल १८६० च्या दशकात आला, घागरा फुगवणारे क्रिनोलिन हळूहळू मागे पडले. त्यातल्या वर्थच्या वाट्याची चर्चा पुष्कळ होते, ते मैदानात घालून उभी राहणारीची फारशी होत नाही.

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, म्हणजे सिसी, त्याची गिऱ्हाईक होती. विंटरहाल्टरने १८६५ मध्ये काढलेल्या तिच्या प्रसिद्ध चित्रात केसांत हिऱ्यांचे तारे आहेत आणि अंगावर वर्थचा ताऱ्यांनी चमकणारा पांढरा पोशाख. मग १८७० आले. प्रशियाशी युद्ध, सेदाँचा पराभव, सप्टेंबरात साम्राज्य कोसळले आणि युजेनी इंग्लंडला पळाली. वर्थने कारखान्याच्या जागेत जखमी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले. बोबेर्ग आपला वाटा घेऊन बाहेर पडला. १८७१ मध्ये पेढी पुन्हा उघडली ती एकट्या वर्थच्या नावाने. दरबार गेला, पण अटलांटिकपलीकडून रेल्वे, पोलाद आणि बँकांच्या पैशावर वाढलेल्या अमेरिकन बायका येऊ लागल्या. त्यांना भाव विचारायची सवय नव्हती. झोलाने १८७२ च्या ‘ला क्युरे’ कादंबरीत वर्म्स नावाचा शिंपी रंगवला, तो कोण हे पॅरिसमध्ये सगळ्यांना ठाऊक होते. बड्या घरच्या बायका त्याच्या खोलीबाहेर ताटकळत बसतात असे ते चित्र आहे.

वर्थ १० मार्च १८९५ रोजी गेला. मारी १८९८ मध्ये. गास्ताँने हिशेब सांभाळले, जाँ-फिलिपने बेतणे. जाँ-फिलिपने फॅशनच्या शतकावर लिहिलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९२८ मध्ये, प्रसिद्ध झाले. आईवडिलांच्या दुकानातल्या पहिल्या दिवसांबद्दल आज जे सांगितले जाते त्यातले बरेचसे त्याच्याच लेखणीतून आले आहे.

जाँ-फिलिपच्या हातचा एक पोशाख आपल्याकडचा आहे. व्हाइसरॉय कर्झनची अमेरिकन बायको मेरी हिने १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या नाचात तो घातला, लाल किल्ल्यात. सोन्या-चांदीच्या तारेत मोरपिसे, प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरव्या भुंग्याच्या पंखाचा चकाकता तुकडा. जरदोजीचे ते सगळे काम दिल्लीच्या कारागिरांनी केले, मग कापड जहाजाने पॅरिसला गेले आणि तिथे शिवले गेले. त्याला वर्थचा पोशाख म्हणतात. इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉलमध्ये तो ठेवला आहे. पाहणाऱ्याचा श्वास रोखला जातो तो भरतकामापुढे, आणि ते दिल्लीचे आहे हे प्रत्येक वेळी सांगायला हवे.

काळ मात्र साध्या कपड्यांकडे वळत होता. गास्ताँने १९०१ मध्ये पॉल पोआरे या तरुणाला साधे, रोजचे पोशाख बेतायला ठेवले. जाँ-फिलिपला ते रुचले नाही, जुन्या गिऱ्हाइकांनाही नाही. पोआरेने बाहेर पडून १९०३ मध्ये आपले दुकान थाटले आणि १९०५ मध्ये डेनिस बुले हिच्याशी लग्न केले. गावाकडून आलेली सडपातळ मुलगी. त्याने तिला समोर ठेवून कॉर्सेट काढून टाकले, कमर वर नेली, खांद्यांवरून सरळ उतरणारे कपडे बेतले, आणि तेच पॅरिसने उचलले. आपली प्रेरणा डेनिसच आहे असे तो उघड सांगे. वर्थने मारीबद्दल असे म्हटल्याचे कुठे माझ्या वाचनात नाही. पोआरे आणि डेनिसचा संसार मात्र १९२८ मध्ये घटस्फोटात संपला, आणि त्याची पेढीही त्यानंतर थोड्याच दिवसांत बुडाली. डेनिसने आपले कपडे जपून ठेवले होते. ते घरातच राहिले आणि २००५ मध्ये पॅरिसला त्यांचा लिलाव झाला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यातले काही विकत घेतले आणि २००७ मध्ये पोआरेचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यात मांडलेल्या कपड्यांपैकी कित्येक तिच्या मापाचे होते.